दळण घरी की चक्कीवर? कर्नलमधलं क्रिप्टो आणि लायब्ररीतलं क्रिप्टो, नवख्यांसाठी

क्रिप्टो म्हणजे इथे एन्क्रिप्शन, डेटा किल्लीने कुलूपबंद करणं, आणि त्याच्या आसपासची कामं; नाणी-बिणी नव्हे. तीनेक वर्षांपूर्वी मी एक उपद्व्याप केला होता, आधी तोच सांगतो. ज्या कंपनीत होतो तिथे एक छोटी सर्व्हिस होती, गिऱ्हाइकांचे छोटे छोटे रेकॉर्ड, एकेक दोनशे-तीनशे बाइटचा, एन्क्रिप्ट करून डेटाबेसमधे टाकायची. चालत होती बिचारी ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीवर, कोणाची तक्रार नव्हती. मी कुठेतरी वाचलं की लिनक्सच्या कर्नलमधेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातच, एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत असते, आणि डोक्यात बसलं की कर्नल म्हणजे सगळ्यात खालचा थर, म्हणजे सगळ्यात फास्ट. शनिवार-रविवार घालून सगळं कर्नलवर नेलं. सोमवारी सर्व्हिस अर्ध्या वेगाने चालत होती आणि सीपीयू मात्र आधीपेक्षा जास्त तापलेला. मंगळवारी गुपचूप जुनं परत लावलं.

त्याच आठवड्यात घरी, म्हणजे इंदूरला रामबागेत, पोह्यांवर टाकायचं जिरावण संपलं होतं. मी मसाला भाजून डबा घेऊन निघालो तर आई म्हणाली, "अरे वाटीभर मसाल्यासाठी कोणी चक्कीवर जातं का? मिक्सर काय शोभेला ठेवलाय?" आणि मला तिथेच दारात उभ्या उभ्या कळलं की सोमवारी काय झालं होतं.

तर आधी एवढं पक्कं करा. तुमचा प्रोग्रॅम म्हणजे तुमचं घर, कर्नल म्हणजे चक्की. लायब्ररी, म्हणजे ओपनएसएसएल, लिबसोडियम, जीएनयूटीएलएस, लिबजीक्रिप्ट वगैरे, हा घरातला मिक्सर. कर्नलकडून काही करून घ्यायचं म्हटलं की सिस्टम कॉल करावा लागतो, ती चक्कीपर्यंतची चक्कर. डेटा तिकडे कॉपी होतो, काम होतं, परत इकडे कॉपी होतो. ही चक्कर एरवी फार मोठी नसते, पण जानेवारी 2018 मधे मेल्टडाउन नावाचा प्रोसेसरमधला दोष बाहेर आला आणि त्यानंतर ज्या प्रोसेसरांना तो दोष होता तिथे कर्नलची आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी ठेवायला लागली, म्हणजे चक्कर अजून महाग. संध्याकाळी सातला राजवाड्यावरून गाडी काढून बघा, अंतर तेवढंच असतं पण वेळ बघा किती लागतो.

मग लोक चक्कीवर जातच का होते? कारण एकेकाळी मशीन फक्त तिथेच होतं. क्रिप्टोचं वेगळं कार्ड यायचं, मशीनमधे खोचायचं, आणि कार्डाशी बोलायचं तर ड्रायव्हर कर्नलमधे. ओपनबीएसडीने डेव्ह-क्रिप्टो नावाची डिव्हाइस फाइल त्याचसाठी काढली होती. मग इंटेलने एईएस-एनआय म्हणून प्रोसेसरच्याच इन्स्ट्रक्शन काढल्या, 2008 मधे जाहीर केल्या आणि 2010 मधे त्या असलेले प्रोसेसर बाजारात आले. या इन्स्ट्रक्शन कुठलाही साधा प्रोग्रॅम चालवू शकतो, कर्नलची परवानगी लागत नाही. म्हणजे मिक्सर घरोघरी आला. उलट कर्नललाच त्या वापरताना जरा तकलीफ असते, कारण त्या प्रोसेसरच्या आतल्या ज्या मोठ्या कप्प्यांवर, रजिस्टरांवर, चालतात त्यात तुमच्या प्रोग्रॅमचा माल पडलेला असू शकतो, तो आधी सांभाळून बाजूला ठेवावा लागतो आणि मगच काम सुरू.

आता हात घाला. मी कमांड फोनवर सांगतो तश्याच लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

पहिली पायरी, घरात मिक्सर आहे का ते बघणं. टर्मिनल उघडून एलएससीपीयू चालवा आणि फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत एईएस हा शब्द शोधा. गेल्या दहा वर्षांतल्या लॅपटॉपवर बहुतेक सापडेलच. पण रास्पबेरी पाय 4 या छोट्या कंप्युटरवर सापडणार नाही, आणि इथे बरेच जण फसतात, घरी पाय 4 वर एन्क्रिप्टेड डिस्क लावतात आणि मग डिस्कला शिव्या घालत बसतात. पाय 5 वर ती सोय आहे. ज्या प्रोसेसरमधे एईएसची मदत नाही तिथे चाचा20 हा सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, बरा पडतो, तो साध्या बेरीज-फिरवाफिरवीवर चालतो. गूगलने स्वस्तातल्या फोनसाठी त्याचाच भाऊ वापरून अडियांटम नावाची डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत काढली, ती लिनक्स 5.0 पासून कर्नलमधे आहे.

दुसरी पायरी, चक्कीवर काय काय दळून मिळतं त्याची पाटी वाचणं. ही पाटी म्हणजे प्रॉक फोल्डरमधली क्रिप्टो नावाची फाइल, कॅट करून बघा. लांब यादी येईल, घाबरू नका. एकेका नोंदीत नेम, ड्रायव्हर, मॉड्यूल, प्रायॉरिटी, सेल्फटेस्ट, टाइप असं सगळं असतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एईएस नावाच्याच दोन नोंदी आहेत. एकीचा ड्रायव्हर एईएस-जेनेरिक, प्रायॉरिटी 100. दुसरीचा एईएस-एईएसएनआय, प्रायॉरिटी 300. कर्नलमधल्या कोणी नुसतं "एईएस द्या" म्हटलं तर ज्याचा आकडा मोठा तो मिळतो, म्हणजे इथे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनवाला. कोणी मुद्दाम ड्रायव्हरचं नाव घेऊन मागितलं तर तोच. एवढी साधी योजना आहे. सेल्फटेस्टपुढे पास्ड लिहिलेलं असतं, म्हणजे आधीच माहीत असलेली उत्तरं देऊन कोड तपासून घेतलाय.

या पाटीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पाटीवर नाव नाही म्हणजे माल नाही असं नसतं. जे आधीच लोड झालंय किंवा आत्तापर्यंत कोणी मागितलं तेच त्यात दिसतं, बाकीचं मागितल्यावर मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा जोडभाग, लोड होऊन किंवा जोडणी होऊन हजर होतं. क्रिप्टसेटअप, म्हणजे डिस्क एन्क्रिप्शनची कमांड, एकदा चालवा आणि परत बघा, यादी वाढलेली असेल.

तिसरी पायरी, मिक्सरचा वेग. ओपनएसएसएल स्पीड, मग डॅश ईव्हीपी, मग एईएस-256-जीसीएम. (जीसीएम, पुढे येणारे एक्सटीएस आणि सीटीआर, हे एईएस वापरायचे वेगवेगळे प्रकार.) डॅश ईव्हीपी विसरू नका, कारण जुन्या व्हर्जनमधे ते नसेल तर आतला जुना कोड मोजला जायचा, एईएस-एनआय वापरलंच जायचं नाही, आणि त्या आकड्यांवरून लोक "लायब्ररी स्लो आहे" असं सांगत सुटायचे. मी त्यातलाच एक. उत्तरात 16 बाइट, 64, 256, 1024, 8192 आणि 16384 असे रकाने येतात. डावीकडून उजवीकडे आकडा कसा चढत जातो ते नीट बघा, कारण 16 बाइटला सुद्धा तयारीचा खर्च असतोच, मिक्सरचं भांडं धुवायला लागतंच ना. फरक एवढाच की तो खर्च घरातल्या घरात आहे.

चौथी पायरी, चक्कीचा वेग. क्रिप्टसेटअप बेंचमार्क. ही कमांड मला अतिशय आवडते कारण एकाच आउटपुटमधे दोन्ही दुनिया दिसतात आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. वरच्या काही ओळी पीबीकेडीएफ2 आणि आर्गॉन2 च्या, म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या पासवर्डातून किल्ली बनवायचं काम, ते लायब्ररीत होतं. खालचा तक्ता, एईएस-एक्सटीएस वगैरेचा, तो कर्नलला विचारून मोजलेला. आणि तुमची डिस्क उघडताना खरोखर असंच होतं: पासवर्ड घेणं, तो मुद्दाम हळू आणि मेमरी खाणाऱ्या पद्धतीने घोळवून किल्ली काढणं हे सगळं घरी, आणि एकदा किल्ली मिळाली की ती डीएम-क्रिप्टच्या, म्हणजे कर्नलमधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या भागाच्या, हातात, मग प्रत्येक सेक्टर तिथेच. आर्गॉनच्या ओळीत चारच-पाच इटरेशन, म्हणजे फेऱ्या, असा आकडा दिसला तर मशीन खराब नाहीये, ते तसंच असायला पाहिजे, चोराला पण तेवढाच वेळ लागावा म्हणून.

पाचवी पायरी, स्वतः चक्कीवर जाऊन बघणं. साध्या प्रोग्रॅमला कर्नलचं क्रिप्टो वापरायचं तर लिनक्समधे एएफ-एएलजी नावाचा दरवाजा आहे, 2.6.38 पासून, म्हणजे 2011. गंमत म्हणजे तो नेटवर्कच्या सॉकेटसारखा दिसतो. पायथन 3.6 पासून त्याच्या सॉकेट मॉड्यूलमधे तो मिळतो, सी लिहायची गरज नाही. सॉकेट बनवा, फॅमिली एएफ-एएलजी, प्रकार सीक्वपॅकेट. मग बाइंड करा, पण आयपी आणि पोर्टऐवजी दोन शब्द द्या, हॅश आणि एसएचए256. मग ॲक्सेप्ट करा, त्यातून दुसरं सॉकेट मिळेल, कामाचं ते. त्यात सेंडऑलने डेटा ढकला आणि रिसीव्हने 32 बाइट मागा, तो तुमचा हॅश, म्हणजे डेटाचा ठसा. त्याच डेटाचा पायथनच्या हॅशलिब या लायब्ररीने हॅश काढून दोन्ही जुळतात का बघा, जुळले की पहिल्यांदा जरा भारी वाटतं, मला तरी वाटलं होतं.

आता खरा प्रयोग. 64 बाइटचा तुकडा घेऊन हेच एक लाख वेळा फिरवा, एकदा सॉकेटने आणि एकदा हॅशलिबने, आणि घड्याळ लावा. सॉकेटवाला दर वेळी दोन सिस्टम कॉल करतो, एक द्यायला एक घ्यायला, आणि तो सपाटून मागे पडेल. मग तुकडा एक मेगाबाइटचा करा आणि फेऱ्या कमी करा. अंतर खूपच कमी होईल, कारण एका चक्करीत भरपूर दळण गेलं. माझ्या सोमवारच्या फजितीचं कारण हेच होतं, दोनशे बाइटसाठी प्रत्येक वेळी चक्की.

वेळ असेल तर अजून एक बघा. ओपनएसएसएल एन्क वापरून एखादी फाइल एन्क्रिप्ट करा, एईएस-256-सीटीआर घ्या कारण एन्क जीसीएम चालवतच नाही, डॅश पीबीकेडीएफ2 द्या नाहीतर किल्ली काढायची पद्धत जुनी आहे म्हणून ते कुरकुर करतं, आणि हे सगळं एसट्रेसखाली चालवा, ते प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल दाखवतं. रीड, राइट, रीड, राइट एवढंच दिसत राहील, एईएसचा कुठे पत्ता नाही, ते घरात चाललंय. पण सुरुवातीच्या गर्दीत एक ओळ शोधा, गेटरँडम. हेच एक काम लायब्ररी कर्नलकडून करून घेते.

आणि ते करून घ्यावंच. रँडम आकडे हा एकच माल असा आहे की तो घरी बनवू नये, वाटीभर असला तरी चक्कीवरूनच आणावा. 2006 मधे डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधे, मेमरी तपासणाऱ्या एका टूलची तक्रार बंद व्हावी म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे लायब्ररीच्या आतला रँडमचा साठा जवळपास फक्त प्रोसेसच्या नंबरावर चालायला लागला, आणि तो नंबर 32,768 पर्यंतच जायचा. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या एवढ्याच एसएसएच किल्ल्या, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या, शक्य होत्या, आणि कोणीही त्या सगळ्या आधीच बनवून ठेवू शकत होता. कळलं मे 2008 मधे. जगभर लोकांनी किल्ल्या बदलल्या. कर्नलकडे हार्डवेअरच्या हालचाली असतात, सगळ्या प्रोसेस त्याला दिसतात, प्रोग्रॅम फोर्क झाला, म्हणजे त्याने स्वतःची दुसरी प्रत काढली, तरी त्याचा गोंधळ होत नाही. गेटरँडम लिनक्स 3.17 मधे आला, 2014 मधे, त्याआधी यूरँडमची फाइल उघडावी लागायची. तुमच्या भाषेतली जी मोड्यूल "सीक्रेट" किंवा "सिक्युअर रँडम" म्हणून मिळते ती वापरा, ती शेवटी तिथेच जाते.

सहावी पायरी म्हणजे ठरवणं, आणि इथे मी वेग जरा बाजूला ठेवतो. विचारायचं ते हे की धान्य आधीच कुठे पडलंय. डिस्कवर जाणारा डेटा कर्नलमधूनच जातो, म्हणून डिस्क एन्क्रिप्शन कर्नलमधे, डीएम-क्रिप्ट 2004 पासून तेच करतंय. पोतं चक्कीवरच उतरलंय तर तिथेच दळा. व्हीपीएनचं पण तसंच. वायरगार्ड मार्च 2020 मधे लिनक्स 5.6 बरोबर कर्नलमधे आलं. ओपनव्हीपीएनचं जुनं रूप बघा, पॅकेट कर्नलमधून प्रोग्रॅमकडे, तिथे एन्क्रिप्ट, परत कर्नलकडे, मग बाहेर, म्हणजे चक्कीवरचं पोतं घरी आणून मिक्सरमधे थोडं थोडं दळून परत चक्कीवर नेऊन ठेवायचं. शेवटी त्यांनी पण डीसीओ नावाचं कर्नल मॉड्यूल काढलं. आयपीसेक या व्हीपीएनच्या पद्धतीमधे कामाची वाटणीच आहे, ओळख पटवणं आणि किल्ल्या ठरवणं स्ट्राँगस्वॉनसारख्या प्रोग्रॅमकडे, पॅकेट कर्नलकडे. रूट होऊन आयपी एक्सफ्रेम स्टेट दिलंत तर त्या किल्ल्या उघड्या दिसतात, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका, मी टाकलेला पाहिलाय.

तुमच्या ॲपमधले रेकॉर्ड, जेडब्ल्यूटी (लॉगिनचे टोकन), पासवर्डचे हॅश, बॅकअपच्या फाइली, हे सगळं घरी. एएफ-एएलजी मी नव्या प्रोग्रॅममधे वापरायला कोणाला सांगत नाही. एखाद्या छोट्या बोर्डावर वेगळं क्रिप्टोचं हार्डवेअर असेल आणि मोठे तुकडे असतील तर ठीक, एरवी नको. कारण नुसतं हळू असणं हे नाही. तो दरवाजा साध्या यूजरला उघडा असतो आणि त्यामागे थेट कर्नलचा कोड आहे.

हा किल्ली आणि भानगडीचा भाग दोन्ही बाजूंनी बघायला लागतो. एप्रिल 2014 मधे हार्टब्लीड नावाची चूक उघडी पडली, ओपनएसएसएल 1.0.1 ते 1.0.1एफ मधली. बाहेरचा माणूस एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत मेमरी मागून घ्यायचा, सर्व्हर मुकाट द्यायचा, आणि त्यात पासवर्ड काय, खाजगी किल्ली काय, जे शेजारी पडलं असेल ते. किल्ली ज्या घरात, त्याच घराची खिडकी उघडी. कर्नलमधे किल्ली असेल तर प्रोग्रॅमची मेमरी गळली तरी ती त्यात नसते, म्हणून कर्नलची कीरिंग, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, ही चीज शिकून ठेवा, कीसीटीएल कमांडने हाताळता येते. पण उलट बघा: लायब्ररीत चूक झाली तर एक प्रोग्रॅम पडतो किंवा एक प्रोग्रॅम फुटतो, कर्नलमधे चूक झाली तर अख्खी मशीन. आणि दुरुस्ती? लायब्ररीला अपडेट करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, चहा संपेपर्यंत झालं. कर्नलला मशीन रीबूट, म्हणजे क्लायंटला मेल, रात्री दोनची वेळ, आणि सराफ्यात गराडू खायचा प्लॅन कॅन्सल. हे कोणी बेंचमार्कमधे मोजत नाही.

वेगाबद्दल एकच शेवटचं. डिस्क एन्क्रिप्शन हळू वाटलं की लगेच सायफर बदलायला धावू नका. क्लाउडफ्लेअरच्या लोकांनी 2020 मधे दाखवलं होतं की डीएम-क्रिप्टमधे एईएसचा वेळ थोडाच, रिक्वेस्टा एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ढकलण्यातच जास्त वेळ जात होता. दळण चटकन होत होतं, लाइन लांब होती. त्यानंतर लिनक्स 5.9 मधे त्या रांगा टाळायचे दोन ऑप्शन आले, नो-रीड-वर्कक्यू आणि नो-राइट-वर्कक्यू. फास्ट एसएसडी असेल तर लावून मोजा, जुनी फिरती डिस्क असेल तर राहू द्या.

सातवी पायरी ज्यांचा वेब सर्व्हर आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी सोडली तरी चालेल. टीएलएसमधे, म्हणजे एचटीटीपीएसच्या मागच्या एन्क्रिप्शनमधे, मधला रस्ता निघालाय, केटीएलएस. हँडशेक म्हणजे सुरुवातीची ओळखपाळख, सर्टिफिकेट वाचणं, साखळी तपासणं ही किचकट कामं लायब्ररीकडेच, आणि एकदा सेशनची किल्ली ठरली की ती कर्नलला देऊन टाकायची, पुढचे रेकॉर्ड तो एन्क्रिप्ट करतो. पाठवायची बाजू लिनक्स 4.13 मधे आली, घ्यायची 4.17 मधे. फायदा कुठे, तर सेंडफाइलला, म्हणजे फाइल थेट सॉकेटवर पाठवणाऱ्या सिस्टम कॉलला: फाइल कर्नलच्या कॅशमधे आधीच आहे, जायचंय पण कर्नलमधूनच, मग मधेच घरी कशाला आणायची. मोठ्या व्हिडिओ फाइली देत असाल तर फरक पडतो, छोट्या जेसन उत्तरांच्या एपीआयला फारसा नाही.

लावायचं तर ओपनएसएसएल 3.0 किंवा पुढचं पाहिजे आणि ते केटीएलएस चालू ठेवून बिल्ड केलेलं पाहिजे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर 1.21.4 किंवा पुढचा. त्याच्या कॉन्फिगमधे एसएसएल-कॉन्फ-कमांडने ऑप्शन्स केटीएलएस अशी ओळ, आणि सेंडफाइल ऑन. मॉडप्रोब टीएलएस करून मॉड्यूल लोड करा, हेच सगळ्यात जास्त विसरतात. मग एक मोठी फाइल एचटीटीपीएसने डाउनलोड करा आणि प्रॉकमधे नेट फोल्डरमधली टीएलएस-स्टॅट फाइल उघडा. टीएलएस-टीएक्स-एसडब्ल्यू समोरचा आकडा वाढला असेल तर काम कर्नलमधे गेलं. शून्यावरच अडकला असेल तर आधी मॉड्यूल लोड आहे का ते बघा, मग ओपनएसएसएल कसं बिल्ड झालंय ते, आणि मग तो कनेक्शन कुठल्या सायफरवर ठरला ते, कारण कर्नलला न येणारा सायफर असेल तर लायब्ररी काही न बोलता घरीच दळत बसते आणि लॉगमधे एक अक्षर येत नाही.